खिट्टी पडली का?

आमच्या नागपुरात रविवारची सकाळ तर्री-पोह्यांची असते आणि पोह्यांची बशी हातात असली की माणूस कोणत्याही गोष्टीला ‘हो’ म्हणून बसतो. हे ओळखूनच की काय, माझा पुतण्या मागे अशाच एका रविवारी घरी आला. दुसरी बशी संपत आली तेव्हा त्याने हळूच विषय काढला, ‘‘काका, दीड लाख रुपये हवे होते. गाडीचा गिअरबॉक्स बदलायचा आहे.’’

एकेकाळी दीड लाखात अख्खी नवी मोटार दारात उभी राहत असे आणि तिच्यात गिअरबॉक्सही असे. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण पुतण्याची गाडी साधीसुधी नव्हे. दहा वर्षे वापरलेली, दिल्लीहून आणलेली, विलायती घडणीची, तीन लिटरचे सहा सिलिंडरी डिझेल इंजिन आणि दोनशे चाळीस अश्वशक्ती. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आधी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आणि मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधन आणले. पुढे त्यात फेरफार झाले, पण मधल्या काळात अशा भारी गाड्या पडेल किमतीला इतर राज्यांत जाऊ लागल्या. नवी असताना जी गाडी बड्या डॉक्टरांच्या नाहीतर बिल्डरांच्या दारात दिसायची, ती मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या तिशीतल्या मुलाच्या आवाक्यात आली. गाडी आवाक्यात आली, तिची दुरुस्ती मात्र नव्या गाडीच्याच हिशेबाने राहिली. हत्ती स्वस्तात मिळाला तरी त्याचा खुराक काही बकरीचा होत नाही.

त्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झटके देऊ लागला होता. तो उघडून नीट करायचा खर्च अडीच लाख. एका गॅरेजवाल्याने त्यावर तोड सांगितली होती. त्याच कंपनीच्या लहान इंजिनाच्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स भंगारबाजारातून आणायचा आणि या गाडीला बसवायचा. काम दीड लाखात. ‘‘दिवाळीत सगळ्यांना घेऊन समृद्धीने मुंबईला जाऊ,’’ पुतण्या म्हणाला. सगळे म्हणजे त्याचे आईवडील, बायको आणि चार वर्षांची मुलगी.

मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. पण त्या दिवसापासून हा गिअरबॉक्स माझ्या डोक्यात बसला. वाटले, हा काही एका पुतण्याचा प्रश्न नाही. आज गावोगाव अशा जोरदार, जुन्या गाड्या आल्या आहेत, त्यांना नवनवे अवयव बसत आहेत आणि त्या गाड्यांतून आपली पोरेबाळे फिरत आहेत. मग यात काय चालते आणि काय चालू नये, याचा विचार घरातल्या वडीलधाऱ्यांनीही का करू नये?

आधी एक कबुली. एका गाडीचा अवयव दुसऱ्या गाडीला बसवण्याचे आम्हा वैदर्भीयांना वावडे नाही. माझ्या लहानपणी गावाकडे ज्या जीपमधून वऱ्हाड निघायचे, ती जन्माने पेट्रोलवर चालणारी होती. पोटात मात्र मॅटाडोरचे डिझेल इंजिन होते. तो आवाज दोन कोसांवरून ओळखू यायचा. परवडत नव्हते म्हणून लोकांनी मार्ग काढला आणि तो काढणारे मिस्त्री खरोखर हुशार होते. त्या हुशारीला नावे ठेवायला मी बसलेलो नाही.

मोठमोठे कारखानेही हेच करत आले आहेत. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ काढली, तेव्हा अंग इटलीच्या फियाटच्या वळणाचे आणि इंजिन व गिअरबॉक्स जपानच्या निसानचे, असा तो संसार होता. नाशिकच्या स्कॉर्पिओला २००८ मध्ये सहा गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला, तो ऑस्ट्रेलियातल्या कंपनीचा. पुण्याच्या टाटांची हॅरियर २०१९ च्या जानेवारीत आली तेव्हा तिला हाताने बदलायचेच गिअर होते. फियाटच्या घराण्यातल्या तिच्या डिझेल इंजिनाला ह्युंदाईकडून घेतलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडला गेला तो पुढच्या वर्षी, २०२० मध्ये.

जगातल्या सर्वांत मिजासखोर गाड्यांनीही दुसऱ्याच्या दारचा गिअरबॉक्स आणला आहे. जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत घाऊक प्रमाणावर दिला. आपली प्रत्येक गोष्ट आपणच घडवण्याचा अभिमान असलेल्या रोल्स-रॉइसने १९५२ पासून तोच अमेरिकन गिअरबॉक्स आपल्या गाड्यांना लावला. फेरारीचे १२ सिलिंडरचे इंजिन म्हणजे शर्यतीतला घोडा. पण १९७६ मध्ये ‘४०० ऑटोमॅटिक’ काढताना फेरारीनेही जनरल मोटर्सचाच तीन गतींचा गिअरबॉक्स घेतला. बीएमडब्ल्यूने तर २०१७ च्या ‘एम ५’ मध्ये आधीचा दोन क्लचचा गिअरबॉक्स काढून टॉर्क कन्व्हर्टरचा आठ गतींचा ऑटोमॅटिक बसवला.

पुतण्याने हे सगळे मला मोबाइलवर दाखवले आणि विजयी मुद्रेने विचारले, ‘‘फेरारीला चालते, मग मला का नाही?’’

प्रश्न चोख होता. उत्तर शोधायला मी आमच्या जुन्या मिस्त्रीकडे गेलो. गणेशपेठेच्या बाजूला त्यांचे छोटे गॅरेज आहे. वय सत्तरीकडे झुकलेले, हाताची नखे कायमची काळी. त्यांनी मला दोन तास बसवून जे समजावले, ते माझ्या शब्दांत सांगतो.

साध्या गाडीत इंजिन आणि चाके यांच्यामध्ये क्लच असतो. आपण डाव्या पायाने तो दाबतो, हाताने गिअर बदलतो. (२०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेला स्वस्त ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे हाच साधा गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम माणसाऐवजी यंत्र करते.) भारी गाड्यांतल्या ऑटोमॅटिकची तऱ्हा बहुधा वेगळी. तिथे क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवा, एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याऐवजी तेल असते. इंजिनाचा पंखा तेल फिरवतो आणि तेल गिअरबॉक्सचा पंखा फिरवते. पुढे आत लहान लहान क्लचांच्या चकत्या असतात. तेलाच्या दाबाने कधी ही जोडी आवळली जाते, कधी ती, आणि गिअर बदलतो.

आता या चकत्या किती जोर पेलतील याला मर्यादा असते. त्या जोराला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. मर्सिडीजने १९९६ मध्ये आणलेल्या पाच गतींच्या ऑटोमॅटिकच्या दोन आवृत्त्यांच्या नावांतच ३३० आणि ५८० हे आकडे आहेत. कोणी किती भार उचलायचा हे जन्मतःच पाटीवर लिहून दिलेले. पुतण्याच्या इंजिनाचा जोर पाचशेच्या वर. भंगारातून येणारा गिअरबॉक्स लहान इंजिनासाठी घडवलेला. बाहेरून दोन्ही भावंडांसारखे दिसतात, पण बैलगाडीचे जू वासराच्या मानेवर ठेवले तर वासरू चार पावले चालेलही. पाचव्या पावलाचे काय? गाडी गल्लीत चालेल, वर्धा रोडवरही चालेल. मग एक दिवस ट्रकला ओलांडायला पाय दाबला की आतल्या चकत्या घसरतील. इंजिन ओरडेल आणि गाडी मात्र पुढे सरकणार नाही, नेमकी समोरून वाहन येत असताना.

समजा, जोर पेलणारा मोठा गिअरबॉक्स मिळाला. तरी तो इंजिनाला जोडायला मधला चकतीवजा तुकडा खरादावर बनवावा लागतो आणि त्याचा मध्य केसभरही चुकून चालत नाही, नाहीतर आतला तेलाचा पंप खराब होतो. गिअरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून-जोडून नव्याने तोलून घ्यावा लागतो. तेल थंड ठेवायला वेगळा कूलर हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर कूलरशिवाय माणसाचे काय होते, हे नागपूरकराला सांगायला नको. गिअरबॉक्सच्या तेलाचेही तेच होते. तापलेले तेल जळते आणि मग चकत्या जळतात.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे संगणक. आजच्या गाडीत इंजिनाचा संगणक आणि गिअरबॉक्सचा संगणक सतत एकमेकांशी बोलत असतात. गिअर बदलण्याच्या क्षणी गिअरबॉक्स म्हणतो, ‘जरा थांब’, आणि इंजिन डोळ्याचे पाते लवते न लवते तेवढा वेळ आपला जोर आवरते. दुसऱ्या घरातून आलेल्या गिअरबॉक्सला या घरची भाषा येत नसेल, तर हा समजूतदारपणा संपतो. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगात गिअरबॉक्सने गोंधळून एकदम खालचा गिअर टाकला तर चाकांची जमिनीवरची पकड सुटू शकते. अशी चूक सुधारायला त्या वेगात सवडच मिळत नाही.

हे सगळे ऐकून मी म्हणालो, ‘‘म्हणजे हे होण्यासारखे नाहीच.’’ मिस्त्री हसले. ‘‘होत कसं नाही, काकाजी? पैसा आन टाइम दिला तं सबन होते. चालवाले काई नाई लागत. गाडी उभी ठेवाले अक्कल लागते.’’

मला कळले नाही. त्यांनी मला एका उभ्या गाडीपाशी नेले आणि गिअरची दांडी ‘पी’वर टाकली. ‘‘तुमी ‘पी’ पाह्यला, चावी काढली, उतरले. गाडी कायच्यानं थांबली?’’ मी म्हणालो, ‘पी’ने. ‘‘‘पी’ तं अक्षर आहे, काकाजी. आत एक खिट्टी आहे. ते दातात पडली तं गाडी थांबते. दांडी आन खिट्टी यायच्या मंधात एक तार आहे. दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवला आन तार जराशी लांब-आखूड झाली, तं वर ‘पी’ दिसन आन आत खिट्टी पडलीच नसन. मंग उतारावर गाडी निंगाली का कोन धरते?’’

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये असल्याशिवाय सुरू होऊ नये म्हणून एक स्विच असतो. गिअरबॉक्स बदलताना त्याच्या तारा जुळल्या नाहीत, तर काही ठिकाणी त्या सरळ एकमेकींना जोडून मोकळे होतात. गाडी मग कोणत्याही गिअरमध्ये सुरू होते आणि सुरू होताच उडी मारते. समोर भिंत असली तर भिंत, मूल असले तर मूल.

मी घरी परतलो तेव्हा पुतण्याची मुलगी अंगणात त्या गाडीच्या पुढच्या चाकाशी बसून भातुकली खेळत होती. वाचकहो, या विषयाचा सगळा गुंता माझ्यापुरता त्या क्षणी सुटला.

फेरारीला चालते, मग मला का नाही, याचे उत्तर असे की फेरारीने नुसता गिअरबॉक्स बदलला नव्हता, त्या बदलाची जबाबदारी घेतली होती. हॅरियरला ऑटोमॅटिक मिळायला जे वर्ष लागले, ते बोल्ट आवळायला लागले नसणार. नवी गाडी किंवा तिची नवी आवृत्ती विकायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून ती तपासून घ्यावी लागते. मग प्रत्येक गाडीमागे कागद असतो, सही असते, चूक झाली तर गाड्या परत बोलावण्याची पाळी असते. भंगारबाजारातल्या गिअरबॉक्सला यापैकी काहीच नसते. बसवणारा ‘माझी गॅरंटी गेटपर्यंत’ म्हणतो, विकणारा फोन उचलत नाही आणि गाडी तर शेवटी आपल्याच नावावर असते.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की निर्मात्याने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने गाडीत करू नये. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. गॅरेजवाले समजूत घालतात की आरसी बुकात गिअरबॉक्सचा नंबर नसतो, कोण बघतो? खरे आहे, रोज कोणी बघत नाही. पण अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस बघतो आणि न कळवलेला बदल सापडला की भरपाईचे काय होते, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तरीही मला हा कायदा अर्धाच पटतो. त्याची भीती रास्त आहे, पण त्याने दार फारच घट्ट लावले आहे. याच कायद्यात सीएनजीचे किट बसवायला वाट आहे, जुनी गाडी बॅटरीवर आणायला वाट आहे. मान्यताप्राप्त किट, अटींनुसार जोडणी आणि आरसी बुकात नोंद. अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी गाडीत फेरफार करायलाही कायद्याने जागा ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे. मग ज्याला आपल्या जुन्या गाडीत दुसरा, जोर पेलणारा गिअरबॉक्स रीतसर बसवायचा आहे, त्याने कोणाच्या दारात जावे? जर्मनीत असा बदल केला तर मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचा अभियंता गाडी पाहतो, ब्रेक पाहतो, जोडणी पाहतो. पटले तर गाडीच्या कागदांत त्याची नोंद होते. नाही पटले तर गाडी रस्त्यावर येत नाही. आपल्याकडे अशी सोपी, माणसाला परवडेल अशी वाट नाही. म्हणून हौशी माणसे रात्री शटर ओढून काम करून घेतात. चांगला मिस्त्री आणि भोंदू मिस्त्री एकाच अंधारात उभे राहतात आणि गिऱ्हाइकाला दोघांतला फरक कळत नाही.

नागपुरात अभियांत्रिकी महाविद्यालयांना तोटा नाही. व्हीएनआयटीसारखी १९६० पासूनची संस्था आहे, हिंगण्याला ट्रॅक्टर घडवणारा कारखाना आहे, हात काळे करून शिकलेले उस्ताद मिस्त्री आहेत. या सगळ्यांच्या ज्ञानाला आरटीओच्या एका शिक्क्याशी जोडणारी व्यवस्था उभी करणे हे काही चंद्रावर जाण्याइतके अवघड नाही. वाजवी फी घ्या, गाडी तपासा, काय काढले आणि काय बसवले ते आरसीवर लिहा, खाली मिस्त्रीची सही घ्या. ज्याला सही करायची भीती वाटेल तो आपोआप बाजूला होईल. माझ्या मते बदल करणे हा गुन्हा नाही. लपवून बदल करणे आणि त्या गाडीत दुसऱ्यांच्या लेकराबाळांना बसवणे, हा आहे.

ती व्यवस्था येईल तेव्हा येईल. तोवर घरातल्या मोठ्यांनी निदान चार प्रश्न विचारायला हरकत नाही. येणारा गिअरबॉक्स किती जोर पेलतो, हे कागदावर दाखव. बिल कोणाच्या नावाचे मिळणार? विमा कंपनीला कळवले का? आणि आमच्या मिस्त्रींचा प्रश्न: ‘पी’ दिसते ते ठीक, पण आत खिट्टी पडली का? पहिल्या प्रश्नाला ‘होऊन जाते, टेन्शन घेऊ नका’ असे उत्तर आले, तर पुढचे तीन विचारायची गरज नाही.

आमच्या घरचा शेवट सांगून टाकतो. पुतण्याला मी पैसे दिले, पण दीड लाख नव्हे, अडीच. अट एकच घातली की गाडीचा मूळ गिअरबॉक्सच उघडून नीट करायचा, बदललेल्या प्रत्येक भागाचे बिल घ्यायचे. पुतण्या आठवडाभर रुसला. काम व्हायला दोन महिने लागले आणि तेवढे दिवस तो मेट्रोने खापरीपर्यंत आणि तिथून मित्राच्या मागे बसून कामाला गेला. दिवाळी हुकली. मुंबईला सगळे रेल्वेने गेले आणि वहिनींनी परत आल्यावर मला दोन शब्द ऐकवलेही. शहाणपण महाग पडते आणि त्याची पावती घरात फारशी कोणी मागत नाही.

गाडी आता ठीक आहे. अजूनही डिझेल पिते आणि हप्त्यांची आठवण करून देते. पण परवा पुतण्या अंगणात गाडी लावून उतरला तेव्हा मी खिडकीतून पाहत होतो. त्याने दांडी ‘पी’वर टाकली, हँडब्रेक ओढला, दार उघडून एक पाय खाली ठेवला आणि खाली उतरून दोन्ही हातांनी गाडी जरा ढकलून पाहिली. गाडी हलली नाही. मग त्याने मुलीला हाक मारली.